पंखाखालचा पट्टा

"तू टाकीच्या मागून जा, आणि मी मान हलवली की टाळी वाजव," त्यानं बायकोला सांगितलं. "एकच. पण जोरात."

बायको नुकतीच जिना चढून गच्चीवर आली होती. खांद्याला पर्स, पायात हॉस्पिटलच्या पांढऱ्या चपला. ती बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होती. रात्रपाळी संपल्यावर दिवसाची नर्स आलीच नाही, म्हणून तीही पाळी हिच्याच गळ्यात पडली होती. आता चार वाजून गेले होते. घरात कोणी नाही, गॅसवर काही नाही, म्हणजे नवरा कुठे असणार हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

गच्चीच्या मधोमध कमरेइतकी सिमेंटची टाकी होती आणि तिच्या झाकणावर पाखरू बसलं होतं. राखाडी पाठ, डोक्यावर काळी टोपी. परवाच्या वादळानं समुद्रावरून इतक्या आत आणून टाकलेलं. सकाळी सातला ते गच्चीवर उतरलं तेव्हापासून नवऱ्यानं दुकान उघडलं नव्हतं. दुकान पासपोर्टच्या फोटोंचं. जन्मभर लोकांना 'हलू नका' म्हणत आलेला हा माणूस आज एका पाखरानं हलावं म्हणून नऊ तास उन्हात तिष्ठत होता.

भानगड अशी होती, की या पाखराचा एक साधा, कुठेही दिसणारा भाऊबंद आहे. बसलेले असताना दोघांत काडीचा फरक नाही. दुर्मिळ जो आहे त्याच्या पंखाखाली पांढरा पट्टा असतो, आणि तो दिसतो उडताना. पट्टा फोटोत आला तर हौशी पक्षीनिरीक्षकांच्या मंडळाच्या नोंदवहीत नाव लागणार, नाहीतर पुन्हा हसं होणार. गेल्या वर्षी त्यानं असाच एक पक्षी पाहिल्याचं सांगितलं होतं, तेव्हा नोंदवही ठेवणारे मंडळाचे डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "पासपोर्टवाले, चष्म्याचा नंबर तपासून घ्या एकदा." सगळे हसले. तोही हसला. घरी येऊन मात्र जेवला नाही.

सकाळपासून त्यानं पाखराला चार वेळा उडवलं होतं. कधी पाय आपटून, कधी हुसकावून. पण पाखरू उडवणाऱ्याकडे पाठ करूनच जातं. चारही वेळा फोटोत शेपटी तेवढी आली. पहिल्यांदा ते लांबच्या कारखान्याच्या चिमणीला वळसा घालून आलं. दुसऱ्यांदा शेजारच्या गच्चीपर्यंत गेलं. चौथ्यांदा कठड्यावरून टाकीवर, जेमतेम चार हात. हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण पलीकडून कोणी उडवलं तर ते त्याच्या अंगावर येणार, पंख पसरून येणार, आणि अर्ध्या तासात ऊन उतरणार होतं.

बायको पर्स दाराशी ठेवून कठड्याच्या कडेकडेनं टाकीमागे गेली. तो गुडघ्यावर बसला, डोळा कॅमेऱ्याला लावला आणि मान हलवली.

टाळी वाजली नाही. त्यानं पुन्हा मान हलवली. मग हातही हलवला. पाखरू जागच्या जागी होतं आणि बायको दिसत नव्हती. शेवटी तो गुडघे धरून उठला आणि पावलांचा आवाज न करता टाकीला वळसा घालून गेला.

ती उलट्या बादलीवर बसली होती. चपला काढलेल्या, पाय सुजून टम्म. तिच्यापासून हातभर अंतरावर पाखरानं चोच पाठीच्या पिसांत खुपसली होती.

"अगं, टाळी," तो कुजबुजला.

"आत्ता कुठे टेकलंय ते," ती म्हणाली.

त्यानं तिला उतरतं ऊन दाखवलं, घड्याळ दाखवलं, डॉक्टरांची आठवण करून दिली. वॉर्डात नातेवाइकांचं ऐकून घेते तसं तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पायानं रंगाचा रिकामा डबा त्याच्याकडे सरकवला. म्हणाली, मला काही जमायचं नाही, तुम्हीही बसा जरा.

तो बसला, पण रागानं. एवढ्या वर्षांच्या संसारात हिच्याकडे मागून मागून काय मागितलं, तर एक टाळी. लांब नळीचा कॅमेरा मांडीवर मावेना, म्हणून त्यानं तो पायाशी ठेवला. बसल्यावर गुडघे ठणकायला लागले, मग कंबर. आपण इतके दमलो आहोत हे त्याला बसेपर्यंत कळलंच नव्हतं. पाच मिनिटांनी उठू, असं त्यानं ठरवलं. दहा मिनिटं गेली.

पाखरानं मान बाहेर काढली. आणि झोपेतून उठलेल्या माणसानं आळस द्यावा तसा एक पंख सावकाश ताणून खाली पसरला. आतून राखाडी. मधोमध पट्टा. बोटभर रुंद, पांढराशुभ्र.

त्याचा हात कॅमेऱ्यापर्यंत पोहोचला तेव्हा पंख मिटला होता. पाखरानं पुन्हा चोच पिसांत खुपसली.

"हाच का तो?" बायकोनं विचारलं.

"हाच." त्याचे डोळे भरून आले होते.

ऊन कठड्यावरून उतरलं. मग डोळे मिटूनच ती म्हणाली, "डॉक्टरांना सांगा, बायकोनंही पाहिला म्हणून."

मंडळाचा नियम पक्का होता, बायकोनं पाहिलेलं नोंदवहीत धरत नाहीत.

"सांगतो," तो म्हणाला.