पहारेकऱ्याच्या पोटात

"डबा उघडा, भाऊजी!"

डुकरांच्या फार्मवरच्या डॉक्टरीणबाईंचा राग सकाळपासून नाकाच्या शेंड्यावर होता. तिथेच कामाला असलेल्या दिराने डबा पुढे केला. पावाच्या दोन तुकड्यांमध्ये शिजवलेलं मांस.

"बाहेरचं डुकराचं मांस फार्मवर आणायचं नाही, हे घसा फोडून शंभरदा सांगितलंय. कशाचं आहे हे?"

दिराने डबा टेबलावर ठेवला.

चारशे डुकरं. तापाची जीवघेणी साथ शिरली होती, म्हणून आज दुपारी सगळीच्या सगळी मारायची होती, खड्डाही खणून झाला होता. महिनाभर बाई रोज सकाळी तापलेल्या डुकरांना औषध टोचत होत्या आणि दीर कान धरून उभा राहत होता. "वहिनी, सुई बदलू का?" "आधी डुक्कर धरा नीट!" इतकं राबून शेवटी हाती मातीच. बाईंना संताप आवरेना.

"हा विषाणू साधासुधा नाही. शरीरात पहारेकरी पेशी असतात, शत्रू दिसला की गिळणाऱ्या. हा लबाड त्यांच्याच पोटात शिरून संसार थाटतो. धोक्याची घंटाही वाजू देत नाही. पहारेकरीच त्याला अंगभर मिरवतो, कळलं?"

"म्हणजे रक्तात असतो?"

"एका थेंबातसुद्धा!"

दिराने मान खाली घातली. मग हळूच विचारलं, "ज्याच्या चुकीने झालं, त्याचं काय होणार?"

"कामगार असेल तर घरी. डॉक्टर असता, तर परवाना गेला असता, जन्मभर जनावराला हात लावता आला नसता. नशीब समजा तुमचं."

"डुकराचंच आहे," तो म्हणाला. "मीच आणलं."

बाईंनी टेबलावर हात आपटला. "घरच्याच माणसाच्या तोंडाला काळं फासलंत! लाज नाही वाटली?"

बारा वर्षं राबलेल्या माणसाला त्यांनी त्याच पावली फाटकाबाहेर काढलं. नवऱ्याचे तीन फोन आले, एकही उचलला नाही. मग डबा, बूट, बादल्या, सिरिंज, शेडमध्ये जाणारी एकूण एक वस्तू तपासणीला पाठवली. पुराव्यात कसर नको होती.

चौथ्या दिवशी अहवाल आला. बाईंनी तो फार्मच्या मालकांसमोर मुद्दाम मोठ्याने वाचायला घेतला. बूट निर्दोष. बादल्या निर्दोष. डब्यातलं मांस कोंबडीचं. विषाणू सापडला होता तो एकाच ठिकाणी, सिरिंजच्या सुईत.