सोवळ्याची साक्ष

"गुन्हा कबूल आहे?" मॅजिस्ट्रेटांनी विचारलं.

पद्मावतीअक्का गप्प. सुधींद्र वकिलानं त्यांना किती पढवलं होतं! कोर्टात हेच पहिलं विचारतात, तुम्ही फक्त 'नाही' म्हणा, बाकी माझ्यावर सोडा. पण अक्कांनी तोंड उघडलं तर शपथ. शिरस्तेदारानं पुन्हा विचारलं, तरी त्या भिंतीकडे बघत उभ्या. शेवटी 'नाकबूल' समजून खटला पुढे सरकला, तेव्हा सुधींद्रच्या जिवात जीव आला.

आरोप मारहाणीचा होता. घरमालकाचा भाऊ दामोदर, चांगला दांडगा गडी, म्हणे अक्कांनी सकाळी नळावर थोबाडीत मारून त्याचा दात पाडला. राजाजीनगर तेव्हा नुकतं वसत होतं, नळावरची भांडणं रोजचीच. पण आरोप शाबीत झाला तर साठीच्या अक्कांना तुरुंग दिसणार होता. सुधींद्र त्यांच्याच हातचं खाऊन वाढलेला. त्यात ही त्याची पहिलीच फौजदारी. झोप उडाली होती बिचाऱ्याची.

मारताना पाहिलेलं कोणी पुढे आलं नव्हतं. घरचं माणूस म्हणजे सून अनुसूया. पण तिची साक्ष काढू या म्हटलं की अक्का ताडकन म्हणायच्या, "सुनेचं नाव कोर्टात निघायचं नाही. मी आत गेले तरी सरी, चालेल मला."

आता काय करावं? सुधींद्र उलटतपासणीला उठला.

"दामोदरराव, त्या वेळी अक्कांच्या अंगावर काय होतं?"

"ओलं लुगडं. मडीत होत्या. देवाचं पाणी भरत होत्या."

"म्हणजे सोवळ्यात. आणि सोवळ्यातली बाई तुम्हाला शिवली?"

मागच्या बाकांवर खसखस पिकली. दामोदर गडबडला.

"बरं, मारलं कशासाठी?"

"उगीचच," तो खाली बघत पुटपुटला.

मग शेजारच्या ठकुबाई साक्षीला आल्या. "मागे एकदा अक्कांचा नातू पायरीवरून पडला, ढोपर फुटलं, रडून आकांत केला पोरानं. अक्का मडीत होत्या. लांबूनच म्हणाल्या, 'ऊठ रे बाळा.' सख्ख्या नातवाला शिवल्या नाहीत, त्या या मेल्याला शिवतील?"

मॅजिस्ट्रेटांना हसू आवरेना. सोवळं त्यांच्याही घरी होतं. आई सोवळ्यात असली की तेही दारातूनच बोलत. निकाल लागला तेव्हा दामोदर मान खाली घालून बाहेर पडला. अक्का सुटल्या होत्या.

संध्याकाळी अक्कांच्या घरी सुधींद्र ऐसपैस बसला होता. आनंद पोटात मावत नव्हता त्याच्या. अनुसूया कॉफी घेऊन आली.

"बघितलंस वहिनी? सोवळ्यात अक्का कुणाला शिवत नाहीत, एवढ्या एका गोष्टीवर जिंकलो. माझा तर पहिल्यापासून विश्वास होता. त्यांनी हात लावणंच शक्य नाही."

अनुसूयेनं पेला खाली ठेवला. ही पोरगी परक्यापुढे कधी चार शब्द बोलायची नाही. आज मात्र मान वर करून बोलली.

"नळावर त्यानं माझा हात धरला होता, अण्णा. त्या दिवशी अक्कांनी दोनदा अंघोळ केली."

सुधींद्रनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. अक्का पाठमोऱ्या बसून कोथिंबीर निवडत होत्या.

"मेला पळाला म्हणून," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी तिसऱ्यांदाही न्हाले असते."