कणभर जास्त

माणूस खोटं बोलतो, तराजू बोलत नाही. हे वाक्य होल्गेरने तळघराच्या भिंतीवर टांगलं नव्हतं, एवढंच. बाकी गावातल्या प्रत्येक शिकाऱ्याने ते त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की टांगायची गरज नव्हती. सप्टेंबरातल्या त्या सोमवारी सकाळी तळघरातल्या टेबलावर दोन तराजू शेजारी शेजारी बसले होते आणि त्यांतला एक धडधडीत खोटं बोलत होता.

कोणता, एवढंच ठरवायचं होतं.

जुना तराजू दांडीचा, बापाकडून आलेला. नवा विजेवरचा, टपालाने नुकताच आलेला. स्वीडनमधलं अख्खं येम्टलंड आज मूस हरणाच्या शिकारीला रानात गेलं होतं आणि होल्गेर पाय प्लॅस्टरमध्ये घालून घरी होता. मचाणाची शिडी कुजली आहे का, हे बघायला तो चढला होता. कुजली होती.

करमणूक म्हणून त्याने नव्या तराजूला जुन्यासमोर उघडं पाडायचं ठरवलं. लेकीसाठी, इल्वासाठी, स्वतःच्या हाताने भरलेल्या काडतुसांपैकी एक उरलं होतं. त्याची गोळी त्याने उपसली, आतली बारूद जुन्या तराजूवर ओतली. बरोबर. नव्यावर ओतली. जास्त. पुन्हा जुन्यावर, पुन्हा नव्यावर. तेच.

जास्त म्हणजे तांदळाच्या चार कण्यांएवढी. खिरीत चार कण्या कोणी मोजत नाही. पण मूस एका गोळीत आडवा व्हावा म्हणून होल्गेरने आधीच पुस्तकातल्या शेवटच्या मापापर्यंत बारूद भरली होती. त्यावर चार कण्या म्हणजे बार पुढे उडायच्या ऐवजी बंदूक मागे फुटणार. आणि मागे इल्वाचा गाल असणार.

त्याने खात्रीचं वजन काढलं. ते म्हणजे शिशाची एक गोळी. जुना तराजू तो वर्षानुवर्षं तिच्यावरच तपासून घेत असे. वजन तंतोतंत उतरलं. त्याचा जीव भांड्यात पडला आणि लगेच बाहेर आला. या गोळीचं वजन त्याने पहिल्यांदा केलं होतं ते याच तराजूवर. इतकी वर्षं आरोपीच साक्षीदार होता.

फोनचा उपयोग नव्हता. शिकारीच्या दिवशी फोन गाडीत राहतात. वॉकीटॉकी होती, पण जनावर उठवायचा हाका सुरू असताना तिच्यावर म्होरक्याने बोलायचं, नाहीतर ज्याला जनावर दिसलं त्याने. बाकी कोणी खोकायचंसुद्धा नाही. हा नियम म्होरक्या असताना होल्गेरनेच घातला होता, आणि खोकल्याबद्दल एकाला घरी पाठवलंही होतं.

टेबलावरच्या वॉकीटॉकीतून यंदाचा म्होरक्या सिक्स्तेन कुजबुजला. "कुत्रा भुंकतोय. मोठा नर मूस. दलदलीच्या कडेने सात नंबरकडे चाललाय."

सात नंबरच्या ठाण्यावर इल्वा होती.

गुनवोर नवऱ्यासाठी कॉफी घेऊन खाली आली आणि त्याचा चेहरा बघून पायरीवरच थांबली. "काय झालं रे?"

"इल्वाच्या काडतुसांत बारूद जास्त पडलीये. बहुतेक."

"होल्गेर, ऐक, ती काडतुसं..."

"गप्प! ऐकू दे मला."

"अरे पण इल्वा तर..."

"गुनवोर, देवाशपथ, गप्प बस!"

गुनवोर पायरीवर बसली आणि त्याची कॉफी पिऊ लागली.

होल्गेरचा अंगठा बटणावर होता आणि बटण दाबलं जात नव्हतं. सगळा गट ऐकणार होता. दुकानातली काडतुसं वापरणाऱ्यांना तो तोंडावर विचारायचा, घरी मीटबॉलसुद्धा तयार पाकिटातले खाता ना रे? गाल बंदुकीच्या लाकडाला घट्ट लाव, बाळा, जराही फट नको, असं इल्वाला त्यानेच शिकवलं होतं. ती शिकवलेलं विसरत नसे.

"सात नंबर," सिक्स्तेन कुजबुजला, "तुझ्याकडे येतोय."

होल्गेरने बटण दाबलं.

"इल्वा, गोळी झाडू नकोस!"



"बाबा?" इल्वाचा श्वास ऐकू येत होता. "तो समोर उभा आहे माझ्या."

"झाडू नकोस. बंदूक तोंडावर फुटेल. माझी काडतुसं... तराजू चुकलाय." तो थांबला. "माझा."



"बाबा, मी दुकानातली वापरते."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून."

मग सिक्स्तेन बोलला. आता कुजबुजायचं कारण उरलं नव्हतं. "होल्गेर, नियमाप्रमाणे तुला घरी पाठवायला हवं. पण तू घरीच आहेस."

कुठल्या तरी ठाण्यावर कोणीतरी हसलं आणि हसता हसता खोकलं.

होल्गेरने वॉकीटॉकी दोन तराजूंच्या मधोमध ठेवली. "तुला माहीत होतं?"

"तुझ्या काडतुसांचे डबे कोटांच्या कपाटात आहेत," गुनवोर म्हणाली. "सगळे. फळी वाकलीये."

त्याने कॉफीसाठी हात पुढे केला. कप रिकामा होता.

मूस नदी ओलांडून शेजारच्या गावाच्या रानात गेला. दुपारी तिथल्या गटाने तो मारला. एका गोळीत. दुकानातल्या.