रिकामं टमरेल

कुशाबा टमरेल घेऊन सकाळपासनं चौथ्यांदा बांधावर आला, तसा नथू खाचरातनं ओरडला, "आता काय आतडी टाकून येतूस का रं?"

भाताची लावणी करणाऱ्या बायका खो खो हसल्या. एकीच्या हातातली रोपांची मूठच सुटली. कुशाबाची बायको साळूबाई तेवढी वाकलेलीच राहिली. कुशाबानं बरगडीवर हात दाबला, जरा उभा राहिला, आणि ओढ्याकडं न जाता घरी वळला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

"वहिनी, औषीद लागू पडलं वाटतं गड्याला!" नथू म्हणाला.

साळूबाई कंबर धरून सरळ झाली.

"पोटाला काय झाल्तं त्यांच्या, भावजी? पुण्याला क्षयाच्या दवाखान्यात अर्धं फुप्फुस काढलं. डाक्तर म्हणला, रोज चालायचं, काल परीस आज वाढीव. न्हाईतर उरलेलं बी आखडंल. आता सारं गाव चिखलात राबतंय, आन् ह्यो गडी रिकाम्या हातानं फिरतुया, बरं दिसंल व्हय? सदऱ्याखालचे टाके कुणाला दिसत्यात? म्हणून टमरेल." ती पुन्हा वाकली. "त्यात पाणी बी नसायचं. ओझं सोसत न्हाई त्यास्नी. परवापासनं पडून हायेत. पडल्या पडल्या धाप लागतीया."

नथूच्या जिभेवर कायम चार चेष्टा तयार असायच्या. त्या दिवशी तो अंधार पडेपर्यंत वाकून रोपंच लावत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुशाबाच्या दारात उभा राहिला. हातात टमरेल.

"ऊठ. चल."

"कुटं?" कुशाबा भिंतीकडं तोंड करून पडला होता.

"माजं बी पोट बिघडलंय."

"खोटारड्या."

"व्हय. तुझ्यावानीच."

कुशाबा हातावर भार देत उठला. मग कोपऱ्यातलं टमरेल चाचपू लागला.

दोघं बांधावर दिसताच लावणीतली रंभाबाई ओरडली, "अगं बया, आता जोडीनं!" सगळं खाचर हसलं. नथूला वाटलं, परतून एक फेकावी, पण तो चालतच राहिला. कान तापले. टमरेल कुठल्या हातात धरावं कळेना. ह्या बांधावरनं तो लहानपणापासनं पळत आला होता, आज बांध सरेना. पुढं कुशाबा दहा पावलं टाकायचा, थांबायचा, पुन्हा दहा.

एका थांब्याला कुशाबानं मागं वळून त्याच्या तोंडाकडं बघितलं.

"वर बघू नगंस," तो धापा टाकत म्हणाला. "पावलं मोज."