मोहाखालची झोळी

देवपूरची पुनम सातपुड्यात उन्हाळी रानफुलं बघायला आली होती. पळस, पांगारा मोबाईलमध्ये भरून झाले, आणि मोहाची फुलं वेचणाऱ्या रेशमाशी तिच्या गप्पा रंगल्या. तेवढ्यात शेजारच्या मोहाखाली अस्वल आलं आणि पडलेली फुलं मचमच खाऊ लागलं. त्याच्या डोक्यावरच, फांदीला टांगलेल्या झोळीत, रेशमाची तान्ही लेक झोपली होती.

पुनमला ओरडावंसं वाटलं, पण तिने तोंडावर हात दाबला. रेशमाने पदराचा बोळा तोंडात कोंबला. पोर जागी होऊ नये एवढंच दोघींना हवं होतं, आणि तेही त्यांच्या हातात नव्हतं.

पोट भरल्यावर अस्वल आलं तसं निघून गेलं. रेशमा धावली आणि तिने लेकीला उराशी धरलं.

"उद्यापासून हिला घरी ठेवून येत जा गं बाई," पुनम रडत रडत म्हणाली.

"घर कोन शे हिले सांभाळाले, ताई?"

रेशमाने लेकीला पाजलं, निजवलं. मग झोळी सोडली आणि टाचा उंचावून, हात पोचेल तेवढ्या वरच्या फांदीला, त्याच मोहाला पुन्हा बांधली.