वाकडी कडी

तिसऱ्या शनिवारीही बाईंनी कडी मुद्दाम वाकडी वळवली.

आयपिन म्हणजे एका टोकाला कडी असलेली बारीक तार. तिच्यात मणी ओवायचे, उरलेलं टोक काटकोनात वाकवायचं, नखाएवढं ठेवून कापायचं आणि गोल पकडीने त्याची दुसरी कडी वळवायची. बाईंना हे पहिल्याच दिवशी जमलं होतं. पण त्या कानातली करायला आल्याच नव्हत्या.

"पुन्हा बिघडलं बघ," त्या म्हणाल्या.

शिकवणारी मुलगी हसत आली. "बिघडू दे, काकू. तारच आहे, सरळ होते." तिने न कंटाळता पुन्हा दाखवलं.

बाईंनी मनातल्या मनात तिला आणखी एक गुण दिला. मुलगा लग्नाचं म्हणत होता, पण मुलीबद्दल विचारलं की टाळायचा. "महिनाअखेरीला घरीच आणतो. शनिवारी मण्यांच्या वर्गाला असते, एवढंच सांगतो." बाईंना तेवढं पुरलं. मुलगा भलता चोखंदळ. शर्टाचं बटण जरा तिरकं लागलं तरी उसवायला लावणारा. वर्गात त्याला साजेशी एकच होती.

शेजारी बसणारी पोरगी मात्र पक्की धांदरट. तिचे मणी टेबलावर कमी आणि टेबलाखाली जास्त. "तुझ्या सासूचं काही खरं नाही गं," बाई म्हणायच्या आणि तिचा हात धरून कडी वळवून घ्यायच्या. दोघींची छान गट्टी जमली होती. आज बाईंना राहवलं नाही.

"कुणाला बोलू नकोस. ही शिकवते ना, ती माझी होणारी सून. तिला पारखायला येते मी."

पोरीच्या हातून मण्यांची डबी सांडली. टेबलाखालून ती बऱ्याच वेळाने वर आली, लालबुंद होऊन.

"आणि पसंत नाही पडली तर?"

"तर मुलाला सरळ नाही म्हणून सांगणार. माझ्या शब्दाबाहेर नाही तो."

पोरीने मान खाली घालून आयपिन उचलली. या वेळी घाई केली नाही. तिची कडी पहिल्यांदाच गोल आली, आणि आनंद झाला तो बाईंनाच. "शाब्बास गं माझ्या वाघिणी!"

बाई घरी आल्या तेव्हा मुलगा फोनवर कुणाशी तरी हसत होता. त्यांना बघून त्याने फोन ठेवला आणि चहा गाळायला घेतला. बाईंनी सगळं कबूल करून टाकलं.

"पोरगी सोन्यासारखी आहे रे. मी इतक्यांदा बिघडवलं, पण कपाळावर एक आठी नाही. माझा होकार आहे."

"नक्की? मग माघार नाही हं."

"दिला म्हणजे दिला."

"आई, शिकवणाऱ्या ताईंना दोन मुलं आहेत."

"मग तुझी कोण?"

त्याने कप पुढे केला.

"तुझ्या शेजारी बसते."