सहीच्या दिवशी

रस्टीने तोंडात मारली तेव्हा वँडाच्या दातांत अजून टोस्टचा घास होता.

"सरळ सांगतोय," तो म्हणाला, "आधी कोर्टात जाऊन लग्न. मग तुझी ती घराची सही."

वँडाने घास थुंकला. त्यात रक्त होतं.

"मीही सरळच सांगतेय. सत्तावन्नच्या आत दुसरं लग्न केलं, तर सैनिकाची विधवा म्हणून मिळणारं कर्ज हातचं जातं. मी बावन्नची आहे. त्या कर्जाशिवाय कुठलीही बँक मला कोंबड्यांचं खुराडंसुद्धा घेऊ देणार नाही."

"कोण जातंय त्यांना सांगायला?"

"मी. विचारलं की सांगणार. खोटं बोलून तुरुंगात जायची हौस नाही मला."

रस्टी वर्षभर तिच्याकडे येत-जात होता. टेक्सासमधल्या लष्करी छावणीबाहेर, तिच्या भाड्याच्या पत्र्याच्या घरात. छप्पर गळायला लागलं तेव्हा त्यानेच वर चढून डांबर लावलं होतं. याआधीही त्याने हात उचलला होता, आणि मग तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला होता. आज रडायचं काही लक्षण दिसत नव्हतं. लग्नाआधी घेतलेल्या घरावर आपला हक्क लागणार नाही, हे कुणीतरी त्याच्या कानात घातलं होतं.

"क्लेटन इराकहून तिथल्या धुरात फुफ्फुसं जाळून आला नि खोकून खोकून मेला. मातीत गेला तो! अजून त्याचीच बायको म्हणून मिरवायचंय तुला?"

"तो मेल्यावरही मला छप्पर देतोय, रस्टी. तू जिवंत असून काय देतोस?"

त्याने तिचे केस मुठीत धरले. टेबल उलटलं, कॉफी भिंतीवर उडाली. दारातून, पायऱ्यांवरून, खडीवरून त्याने तिला फरफटत नेलं. गुडघे सोलून निघाले. समोरच्या घरातला पडदा हलला आणि पुन्हा सरळ झाला.

"हसा आता, नवरीबाई," रस्टीने पिकअपचं दार उघडलं. "फोटो चांगला यायला हवा."

तो तिला आत कोंबायला लागला तशी तिने त्याच्या गुडघ्यावर टाच हाणली. त्याचा तोल गेला. सावरायला त्याने दाराची चौकट धरली, आणि वँडाने बाहेर उडी मारून सगळं अंग टाकून दार लावलं.

काहीतरी कडकन मोडलं.

"उघड!" तो गुरासारखा ओरडला. "वँडा, बोटं! उघड, पाया पडतो!"

तिने उघडलं. त्याची मोडकी बोटं अजून चौकटीवरच होती. तिने पुन्हा लावलं.

कर्जाच्या कार्यालयात ती पोचली तेव्हा तिच्या एकाच पायात बूट होता. टेबलापलीकडची तरुण बाई उभीच राहिली.

"देवा! पोलिसांना बोलावते."

"बोलवा. पण ते येईपर्यंत सह्या उरकून घेऊ."

बाईने पाणी दिलं, कागद पुढे सरकवले. तिला विचारायचं जिवावर आलं होतं. "मॅडम, नियम आहे म्हणून विचारते. मिस्टर गेल्यानंतर तुम्ही पुन्हा लग्न केलंय का?"

वँडा हसली. ओठ पुन्हा फाटला.

"नाही," ती म्हणाली. "थोडक्यात वाचले."